गेटपासून मशीनपर्यंत

बडोद्यात आजारी माणसाला भेटायला जाण्याला ‘खबर काढायला जाणं’ म्हणतात. रीत मूळची गुजराती. पण तीन पिढ्या इथे राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांनी ती अशी काही उचलली आहे की गुजराती शेजारी आमच्यापुढे फिके पडावेत.

बाबांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आणि आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झालं. त्या वर्षात मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये किती माणसं खबर काढून गेली याची मोजदाद नाही. रिफायनरीतले जुने सहकारी, आईच्या भजनी मंडळातल्या बायका, सोसायटीतल्या काकी, आणि झाडून सगळे नातेवाईक. वेळ ठरलेली, संध्याकाळी पाच ते सात. हातात शहाळं ठरलेलं. वाक्यंही ठरलेली. आणि बाबांची जागा ठरलेली: हॉलमधल्या दिवाणावर, आडवं, अंगावर चादर. मे महिन्यातसुद्धा चादर. चादर नसली तर या लोकांना माणूस आजारी दिसतच नाही.

शहाळ्याचं आधी सांगून टाकते. शहाळ्यात पोटॅशियम असतं. किडनी बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात ते साठत जातं आणि एखाद्या दिवशी हृदय थांबवतं. शिवाय बाबांना दिवसभरात पाणी मोजून प्यायचं असतं. म्हणजे जगातली जी वस्तू या माणसाला देऊ नये, तीच वस्तू आमचं अख्खं गणगोत रांगेत उभं राहून देत होतं. मी दारावर गुजराती आणि मराठीत कागद लावला: शहाळं आणू नये. लोक तो कागद वाचायचे, चपला काढायचे आणि आत येऊन आईच्या हातात शहाळं द्यायचे. “अगं, आमचं आपलं रीत म्हणून. त्यांना देऊ नका हवं तर.” फ्रीजमध्ये भाजीला जागा नव्हती. मी रोज दोन शहाळी पीत होते आणि माणसांचा द्वेष करत होते.

मी पत्रकं लिहिते. हाच माझा उद्योग आहे. आमचा सात-आठ जणांचा एक गट आहे. सरकारी दवाखान्यात औषध मिळत नाही, पाण्याला वास येतो, अपंगांच्या रॅम्पवर कोणी पानाची टपरी टाकली आहे, असं काहीही असलं की आम्ही एका पानाचं पत्रक काढतो आणि वाटतो. पत्रकात ‘पण’ नसतो. ‘कदाचित’ नसतं. एक दोषी असतो, एक मागणी असते आणि दोन-तीन उद्गारचिन्हं असतात. मला त्याची सवय झाली होती. घरातसुद्धा मी तशीच बोलायचे, आणि आई म्हणायची, “मोर्चा खाली ठेव आणि ताटं घे.”

बाबा सुरुवातीला चांगले चालते-फिरते होते. तीस वर्षं त्यांनी बाजव्याकडे रिफायनरीत शिफ्ट केल्या. तिथल्या लोखंडी जिन्यांवरून दिवसातून कितीदा वर-खाली केलं असेल, त्यांनाच ठाऊक. डायलिसिस नसेल त्या दिवशी सकाळी ते थेली घेऊन भाजीला जायचे. सावकाश जायचे, मधे एका केमिस्टच्या पायरीवर बसायचे, पण जायचे. एकदा नात्यातल्या कोणीतरी त्यांना थेलीसकट पाहिलं. ती बातमी दुपारपर्यंत रावपुऱ्यात आत्याकडे पोचली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने आईला फोन लावला. फोन स्पीकरवर नव्हता, तरी मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

“घरात घोड्यासारखी मुलगी आहे, गावाचे मोर्चे काढते, आणि माझा भाऊ मशीनवर रक्त धुऊन घेतो आणि वांगी आणतो?”

आईला शरम वाटली. खरं सांगायचं तर मलाही वाटली. दुसऱ्या दिवसापासून भाजी मी आणायला लागले. बाबा दारात उभे राहून म्हणाले, “अगं, मी पायाने चालतो, किडनीने नाही.” आम्ही दोघी हसलो, आणि थेली काही त्यांना दिली नाही.

मग हाताची भानगड. डायलिसिससाठी मनगटाजवळ एक रक्तवाहिनी दुसरीला जोडतात, तिला फिस्टुला म्हणतात. त्यावर हात ठेवला तर आत मशीन चालल्यासारखी थरथर लागते. तो हात जपायचा असतो: त्या हाताने जड उचलायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, त्या हातावर बीपी मोजायचं नाही. टेक्निशियनने एवढंच सांगितलं होतं. एका हाताबद्दल. उलट त्याच हातात रबरी चेंडू देऊन तो दिवसभर दाबायला सांगितला होता.

आमच्या घराने काय केलं? तो नियम हातावरून खांद्यावर नेला, खांद्यावरून पाठीवर, आणि बघता बघता तो पायांपर्यंत उतरला. वजन उचलू नका. मग वाकू नका. मग स्कूटर काढू नका. मग जिना नको, लिफ्ट आहे ना. मग लिफ्टपर्यंत तरी कशाला, काय हवं ते सांगा. आंघोळीला स्टूल आलं. जेवणाचं ताट दिवाणावर आलं. टीव्हीचा रिमोट उशीखाली गेला. एका हाताला जपायला सांगितलं होतं. आम्ही अख्खा माणूस कपाटात ठेवला. आणि या सगळ्याला आम्ही सेवा म्हणत होतो! येणारे-जाणारे आईची पाठ थोपटत होते: “तुम्ही किती करता त्यांचं. पाणीसुद्धा हातात देता.” आई त्या कौतुकावर जगत होती. मी तिला दोष देत नाही. म्हणजे देते, पण तिच्या एकटीला नाही.

बाबांचं चालणं एकाच ठिकाणी उरलं होतं: डायलिसिस सेंटरच्या आवारात. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला वेगळंच दिसलं.

सेंटर एका ट्रस्टचं. गेटवर रिक्षा थांबते, आत सोडत नाहीत. गेटपासून लिंबाच्या झाडाजवळून, औषधाच्या दुकानासमोरून, उताराच्या रॅम्पवरून आत, मग नोटीस बोर्ड, लांब पॅसेज, वजनकाटा आणि मग मशीन. पेशंट एकेक करून चालत यायचे. कोणी भिंत धरून, कोणी मुलाचा खांदा धरून. पिवळे चेहरे, सुजलेले पाय. मी गेटवर उभी राहून पाहायचे आणि माझं डोकं फिरायचं. एक दिवस मी ती पावलं मोजली. दोनशे दहा.

झालं. मला पत्रक मिळालं.

‘दोनशे दहा पावलं! ज्याच्या शरीरात रक्त साफ करायचं बळ नाही, त्याला मशीनपर्यंत पायी चालवणारी ही कसली सेवा? डायलिसिसच्या पेशंटला चालायला लावणं ही क्रूरता आहे. प्रत्येक पेशंटला गेटपासून व्हीलचेअर मिळालीच पाहिजे!’ खाली आणखी बराच मजकूर. मी ते गुजरातीत छापलं आणि वेटिंगमध्ये सह्या गोळा करायला बसले.

सगळ्यांनी सही केली, एक सोडून. ते वाघोडियाचे एक शिंपी. साठीचे, काटक, डाव्या हाताच्या बोटात अजून शिवणाचं टोपण घालून यायचे. बसने यायचे. बसस्टॉपपासून सेंटरपर्यंत चालत, आणि परत जाताना थोडं बसून पुन्हा चालत. मशीनवर येऊन त्यांना सात वर्षं झाली होती. त्या खोलीत त्यांच्याइतकं जुनं कोणी नव्हतं. माझ्या पत्रकात ‘वाघोडियाहून धक्के खात येणारे एक वृद्ध’ असा जो उल्लेख होता तो त्यांचाच होता.

“काका, सही करो ने,” मी म्हटलं.

त्यांनी पत्रक हातभर लांब धरून वाचलं. मग परत दिलं. “बेटा, खुर्चीत बसवशील, मग उठवणार कोण?” ते गुजरातीत म्हणाले. आणि बाबांकडे बघून डोळे मिचकावले.

मला त्यांची कीव आली. मला वाटलं, या माणसाला इतकी वर्षं चालवून चालवून यांनी गुलाम करून टाकलं आहे. त्याला आता बसायचा हक्कसुद्धा मागता येत नाही. घरी येताना रिक्षात मी बाबांना हे सांगितलंही. बाबा म्हणाले, “त्याचे पाय बघितलेस?” मी म्हटलं, “पायांचा काय संबंध?”

आम्ही जिंकलो. दीड महिन्यात चार व्हीलचेअर आल्या. पहिल्या खुर्चीवर बाबांना बसवून फोटो काढला. मी मागे उभी, मूठ वर. गटात सगळ्यांनी चिवडा खाल्ला. सेंटरवाले आमच्यापेक्षा हुशार निघाले. त्यांना वाटलं, कोणी पडलं तर ही पोरं दुसरं पत्रक काढतील. म्हणून त्यांनी नियमच करून टाकला: पेशंटने गेटवरून खुर्चीतच यायचं. त्याखाली माझं पत्रक, प्लास्टिकमध्ये घालून, नोटीस बोर्डावर. मला केवढा आनंद झाला होता! आमचं पत्रक आजवर कोणी भिंतीवर टिकू दिलं नव्हतं.

आणि बाबांची शेवटची दोनशे दहा पावलं मी अशी काढून घेतली.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. सकाळी न्हाणीघरातून बाबांची हाक आली. मोठी नव्हती. ते स्टुलावर बसले होते, अंगाचं पाणी निथळत होतं, टॉवेल मांडीवर. “उठता येत नाही,” ते म्हणाले. पडले नव्हते, चक्कर नव्हती, दुखत नव्हतं. फक्त उठता येत नव्हतं. मी आणि आईने काखेत हात घालून त्यांना उभं केलं. त्यांच्या मांड्या मी किती दिवसांनी पाहिल्या कोण जाणे. लोखंडी जिने चढलेल्या त्या मांड्या माझ्या दंडाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टॉवेल घट्ट धरून ते भिंतीकडे बघत राहिले.

त्या शुक्रवारी मी त्यांना डॉक्टरांच्या खोलीत नेलं. डॉक्टर म्हणजे माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी बाई, कमी बोलणारी. त्यांचं बोलणं गुजरातीत झालं, मी मराठीत लिहिते आहे. त्यांनी बाबांना हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं. बाबा एकदा उठले. दुसऱ्यांदा निम्मे उठले आणि धपकन बसले.

“रोज किती चालतात?”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. आणि लाज वाटते सांगायला, पण मी ते अभिमानाने म्हटलं. “आम्ही त्यांना पाऊलसुद्धा टाकू देत नाही.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला कोणी सांगितलं असं?”

कोणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं होतं.

“पूर्वी ते गेटपासून चालत यायचे,” डॉक्टर म्हणाल्या. “मी खिडकीतून बघायचे. कोण कसं चालतंय त्यावरून मला पुष्कळ कळतं. आता या खुर्च्या आल्यापासून मला काही दिसत नाही. सगळे सारखेच दिसतात.”

“त्या खुर्च्या हिनेच आणल्या,” बाबा म्हणाले. “फोटो आहे.”

डॉक्टर हसल्या नाहीत. मी विचारलं, पत्रकवालीने विचारावं तसंच विचारलं: “म्हणजे चाललं की माणूस जास्त जगतो? हो की नाही, ते सांगा.”

“इतकं सरळ नाही ते. जे हलतात-चालतात ते पेशंट जास्त जगतात, हे आम्हाला दिसतं. पण ते चालतात म्हणून जगतात, की मुळात बरे असतात म्हणून चालू शकतात, हे वेगळं काढणं अवघड आहे. दोन्ही असेल. मी तुम्हाला हमी देणार नाही.” मग त्या बाबांकडे वळल्या. “पण हे मला नक्की माहीत आहे: जो पेशंट अंथरुणाला खिळतो, त्याचं मशीन आम्हाला लवकर दुसऱ्याला द्यावं लागतं. तुम्ही उद्या पडलात, खुबा मोडला, तर पुढचं माझ्या हातात फारसं राहत नाही. मशीनवरून उतरल्यावर बीपी पडलेलं असतं, तेव्हा खुर्चीत बसा, जरूर बसा. ज्याला पाय नाही, ज्याला धाप लागते, त्याला खुर्ची हवीच. पण येताना तुम्ही कशाला बसता? उद्यापासून चाला. थोडं. धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबा आणि मला सांगा. पण चाला.”

असं उत्तर कुठल्या पत्रकात बसतं? मला राग आला. पहिला राग त्या ‘दोन्ही असेल’चा. दुसरा राग, आणि तो जास्त खोल गेला, वाघोडियाच्या त्या शिंप्याचा. त्या माणसाने मला हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं आणि मी त्याची कीव केली होती. कीव हा प्रकार किती घाण आहे हे मी खबर काढणाऱ्यांकडून रोज शिकत होते, तरी स्वतःच्या हातातली मला ओळखू आली नाही. त्यांच्या हातात शहाळं, माझ्या हातात पत्रक. एवढाच फरक. उलट त्यांची शहाळी मी निदान पिऊन टाकत होते. माझं पत्रक मात्र बाबांना पूर्ण लागू पडलं होतं.

शनिवारी सकाळी दिवाणापासून दारापर्यंत. रविवारी लिफ्टपर्यंत. आई मागून हात पसरून चालत होती, जसं काही बाबा काचेचे आहेत. “अहो बास. अहो बसा. अहो घाम आला बघा.” बाबा म्हणाले, “घाम आला म्हणजे अजून चालू आहे कारखाना.” आई रुसून स्वयंपाकघरात गेली. तिच्या हातून तिचं काम काढून घेतलं जात होतं. वर्षभर ती एका पडलेल्या माणसाची उत्तम बायको होती. उठणाऱ्या माणसाच्या बायकोने काय करायचं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, “तू त्यांच्याबरोबर चाल.” ती म्हणाली, “माझे गुडघे कोण बघणार?” आणि तरी तिसऱ्या दिवशी चपला घालून आली.

मग आम्ही खाली पार्किंगमध्ये उतरलो. दोन गाड्यांच्या मधल्या जागेतून एक फेरी, मग वॉचमनच्या खुर्चीवर बसणं, मग पुन्हा. सोसायटीतल्या एक काकी बाल्कनीतून ओरडल्या, “केम भाई, हवे सारूं?” आता बरं आहे का, असं. बाबांनी हात वर केला. लगेच खबर फिरली असणार, कारण गुरुवारी संध्याकाळी बरोबर पाच वाजता आत्याची रिक्षा गेटात. हातात शहाळं.

“हे काय चाललंय?” आत्याने मला विचारलं, बाबांना नाही. आजारी माणसाला कोणी काही विचारत नाही, त्याच्यासमोर दुसऱ्याला विचारतात.

“चालणं,” मी म्हटलं.

“पडला म्हणजे?”

“पडलो तर उचलायला तू आलीसच की ताई,” बाबा म्हणाले.

“तू गप्प बस. काय गं, बापावर प्रयोग करतेस? तुझं ते आंदोलन-बिंदोलन बाहेर ठेव. डॉक्टर काय म्हणतात?”

“डॉक्टरच म्हणाल्या चाला.”

“डॉक्टरला काय जातंय सांगायला? भाऊ माझा आहे.” आणि मग तिचा आवाज एकदम बदलला. “आमच्याकडेही डॉक्टरनेच सांगितलं होतं फिरायला जा म्हणून.”

आत्याचे यजमान, आमचे आतोबा, सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले आणि रस्त्यातच गेले. मी तेव्हा शाळेत होते. हे मला माहीत होतं, आणि इतक्या महिन्यांत, तिला मनात इतक्या शिव्या देताना, मला ते एकदाही आठवलं नव्हतं. मला माफी मागता येत नाही, हा माझा दोष आहे. शहाळ्याचा मुद्दा मी अजूनही सोडलेला नाही.

बाबांनी वॉचमनची खुर्ची धरून स्वतःला उभं केलं. वेळ लागला. आम्ही तिघी बघत उभ्या. मग त्यांनी फिस्टुला नसलेला हात आत्यापुढे केला. “चल, एक फेरी मार माझ्याबरोबर. माझं काही झालं तर तुझ्यासमोर होईल, फोनवर ऐकावं लागणार नाही.”

आत्या म्हणाली, “मेल्या, कसं बोलतोस.” पण तिने हात धरला. दुसऱ्या हातात शहाळं तसंच. दोघं स्कूटरींच्या रांगेपर्यंत जाऊन आली. फेरी संपेपर्यंत आत्यालाच धाप लागली आणि खुर्चीवर तीच बसली. बाबा उभे. “शहाळं तूच पी,” ते म्हणाले. “तुला गरज आहे.”

हे सगळं घरातलं झालं. खरी गंमत दुसऱ्या दिवशी सेंटरच्या गेटवर. सोमवारी आणि बुधवारी बाबा अजून खुर्चीतूनच आत गेले होते.

रिक्षातून उतरून बाबा गेटच्या खांबाला टेकून उभे राहिले, तोच सेंटरचा माणूस खुर्ची ढकलत हजर. भला माणूस, ड्युटी इमानाने करणारा. “बसो काका.”

“आज चालून जाणार आहेत,” मी म्हटलं.

“ना बेन. रुल छे.”

“कोणाचा रूल? डॉक्टरांनी सांगितलंय.”

“डॉक्टरसाहेब लखी आपे तो जवा दऊं.” डॉक्टर लिहून देतील तर जाऊ देईन. आणि मग त्याने लिंबाच्या झाडापलीकडे आतल्या बोर्डाकडे बोट केलं आणि अगदी आदराने, जसं एखाद्या लेखिकेला सांगावं तसं म्हणाला, “तमारूं ज पत्रक छे ने, बेन. में आखुं वांच्युं छे. पेशंटने चलावाय नहीं, क्रूरता छे.” तुमचंच पत्रक, मी अख्खं वाचलंय, पेशंटला चालवायचं नसतं.

मी आयुष्यात इतक्या अधिकाऱ्यांशी भांडले आहे. माझ्याच वाक्याशी भांडायची वेळ पहिल्यांदाच आली. आणि ते वाक्य मजबूत होतं. त्याला कुठे फट नव्हती. मीच ठेवली नव्हती. मी सांगायला लागले की पत्रकात असं म्हणायचं होतं की ज्यांना गरज आहे त्यांना, पण तसं म्हटलेलं नव्हतं. ‘प्रत्येक पेशंटला’ असं लिहिलं होतं, ‘मिळालीच पाहिजे’ असं लिहिलं होतं, आणि पुढे उद्गारचिन्ह होतं. तो माणूस शांतपणे ऐकत होता आणि खुर्चीचा ब्रेक लावून उभा होता.

तेवढ्यात मागून वाघोडियाचे शिंपी आले, बसस्टॉपवरून, खांद्यावर पिशवी. त्यांनी परिस्थिती एका नजरेत ओळखली. “कँटीनवाळो झांपो,” ते बाबांना हळूच म्हणाले. झांपो म्हणजे फाटक. कँटीनच्या बाजूला मागचं फाटक होतं. तिथे खुर्ची जात नाही, म्हणून तिथे नियमही नाही. खुर्च्या आल्या त्या दिवसापासून हा माणूस चोरासारखा तिथून चालत येत होता. माझ्या विजयापासून स्वतःचे पाय वाचवत होता.

“लांब पडेल,” मी म्हटलं.

“लांब पडेल,” शिंपी मान हलवून म्हणाले, जसं काही मी कापडाची तारीफ केली.

बाबा माझ्याकडे वळले. “तू इथे याच्याशी भांडत बस,” ते म्हणाले. “तुला जमतं ते.” आणि दोघे निघाले. भिंतीच्या कडेकडेने, सावकाश, एक हात भिंतीवर. बाबांचं पाऊल जेमतेम उचललं जात होतं, चप्पल घासल्याचा आवाज येत होता. कोपऱ्यावर थांबले. शिंपीही थांबले आणि उगाच पिशवीत काहीतरी शोधायला लागले. मग पुन्हा निघाले आणि दिसेनासे झाले.

मी खुर्चीवाल्याला म्हटलं, “चला, रिकामी खुर्ची मागून नेऊ. पडले तर हवी.” त्याला ते पटलं, त्याच्या नियमात बसलं असावं. आम्ही दोघे पुढच्या रस्त्याने आत आलो, तो ढकलत, मी बाजूने. दोनशे दहा पावलं. पूर्ण नाही; पॅसेजच्या तोंडाशी, नोटीस बोर्डापाशी, थांबलो. बराच वेळ कोणी आलं नाही. मग कँटीनच्या बाजूने चप्पल घासल्याचा आवाज आला. बाबा पुढे, शिंपी एक पाऊल मागे.

बाबांचा चेहरा लाल झाला होता, शर्ट पाठीला चिकटला होता. खुर्ची पाहून त्यांनी नुसती मान हलवली: नको. नोटीस बोर्डाच्या चौकटीला धरून ते उभे राहिले, तोंडाने श्वास घेत, आणि समोर जे होतं ते वाचायला लागले. माझं पत्रक. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न गाळता. मी शेजारी उभी होते. मला ते फाडून टाकायचं होतं. त्यांचा श्वास हळूहळू खाली बसत होता, ते मी ऐकत होते.

“पुष्कळ लांब लिहितेस तू,” शेवटी ते म्हणाले. चौकटीवरचा हात काढून त्यांनी शर्ट झटकला. “बरं झालं. दम परत यायला तेवढाच वेळ लागला.”

आणि पुढे वजनकाट्याकडे चालू लागले.